वाकडा बगळा

लीथ,
३ सप्टेंबर १९९७

चि. इश्बेलला,
वॉटीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे मी, माझे दोन गुडघे आणि तीन जिने सुखरूप आहोत. म्हणजे जिने सुखरूप आहेत, बाकीच्यांचं काही खरं नाही. तू पाठवलेले बॅनक, त्या तुझ्या जाड भाकऱ्या, पोचले. वाटेत त्यांचा भुगा झाला होता. तो मी दुधात कालवून चमच्याने खाल्ला.

बातमी अशी की मी घर सोडतोय. तुझ्या भाच्याने, फर्गसने, कॅल्गरीत बसून नगरपालिकेचा पिच्छा पुरवला आणि म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली मला मिळवून दिली. तिथे भिंतीला एक लाल दोरी आहे. पडलो की ती ओढायची, मग एक बाई धावत येते. पडलेल्या माणसाचा हात दोरीपर्यंत पोचायचा कसा, असं मी विचारलं, तर हा म्हातारा डोक्याला ताप होणार हे त्या बाईच्या तोंडावर लगेच दिसलं. डिसेंबर उजाडायच्या आत जायचं आहे.

खोलीत पलंग, टेबल, खुर्ची आणि एक फळी. एकच. आता माझ्या बाटल्यांचं काय करायचं, हा प्रश्न. तुझी बहीण, माझी नेटा गेल्यापासून मी ग्रे हेरॉन व्हिस्कीच्या जुन्या बाटल्या जमवतोय, हे तुला ठाऊक आहे. पबात मला हसतात. हल्ली जो तो एकाच भट्टीच्या व्हिस्कीचा भक्त झालाय. मिश्र व्हिस्की म्हणजे लिंबूपाण्यात ओतायची, ती कोणी जमवतं का, असं म्हणतात. मी म्हणतो, एका भट्टीचं कसलं कौतुक, तीस-चाळीस भट्ट्या एका बाटलीत भांडण न होता नांदवून दाखवा. पण खरं कारण मी त्यांना सांगत नाही.

खरं कारण तुला सांगायला नको, पण लिहायला बरं वाटतं. तुम्ही दोघी बाटल्या भरायच्या कारखान्यात हाताने लेबलं लावायला होतात. परदेशी जाणारी सगळी ग्रे हेरॉन तुमच्या बाकावरून जायची. मग एक दिवस इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्याने बाटली परत धाडली. लेबलावरचा बगळा कलंडलेला होता, त्यानेच आतली प्यायल्यासारखा. मुकादमीण प्रिंगलबाईंनी बाकावरच्या सगळ्यांना उभं करून विचारलं, तेव्हा नेटा म्हणाली की माझा हात. आणि वर हेही म्हणाली की बाईसाहेब, तो कलंडलेला नाही, मासा बघतोय. ही गोष्ट दोन दिवसांत गोदीपर्यंत आली. मी तेव्हा तिथे पेट्या चढवायचो. त्या शनिवारी नाचाला गेलो ते हिलाच शोधायला. भिंतीशी तुम्ही मुली उभ्या होतात, मी विचारलं की दारुड्या बगळ्याची मुलगी कोणती, आणि नेटाने मीच म्हणून सांगितलं. आमचा सगळा संसार त्या वाकड्या लेबलातून निघाला.

तेव्हा मी ठरवलंय ते असं. सरळ लेबलांच्या बाटल्या लिलावाला. ग्लासगोच्या लम्सडेनची गाडी वीस नोव्हेंबरला येईल. वाकड्या तेवढ्या माझ्याबरोबर येतील. त्या नेटाच्या हातच्या आहेत, त्यांना फळी पुरेल.

फोन तुझ्या कानांना चालत नाही, म्हणून पत्रच लिही. त्या बाकावरचं काहीही लिही. नेटाचं लिही.

कान गेले असले तरी लोभ शाबूत असावा.
तुझा,
वॉटी

---

स्ट्रॉमनेस,
१४ सप्टेंबर १९९७

ती. वॉटी भावजींना,
इश्बेलचा शि. सा. न. वि. वि. साठ पुरी झाली तरी तुम्ही मला चि. लिहिता, त्याने मला दर वेळी दोन दिवस तरुण वाटतं, तेव्हा बदलू नका. बॅनक पुढल्या वेळी डब्यातून पाठवीन.

घर सोडताय हे चांगलं झालं. तीन जिने चढून वर काय मिळतं, तर थंड चूल. इथे बेटावर कालपासून वारा सुटलाय, बोट आली नाही, दुकानात पाव नाही. खालच्या घरातली म्हातारी मिसेस लिस्क गेली. तिच्या खिडकीतला दिवा मी रोज पाहत असे. आता तिथे अंधार असतो आणि माझी नजर सवयीने तिकडे जाते.

बाकाबद्दल काय लिहू. खणखणाट इतका होता की बाकाच्या या टोकाहून त्या टोकाला आम्ही ओठ वाचूनच बोलायचो. कान त्यातच गेले. नेटा सगळ्यांत जलद होती. हाताला खळ लागायची, ती वाळली की संध्याकाळी सालीसारखी सोलून काढायची, हा आमचा खेळ.

एक सांगू का. सरळ बाटल्या विकायची एवढी घाई कशाला? लेबल सरळ लावणं काही सोपं काम नव्हतं. ज्यांनी ते केलं, त्यांचेही हात होतेच. गाडीवाल्याला जरा थांबवता आलं तर पाहा. मला नीट सांगता येत नाही, पण थांबवा.

गुडघे जपावेत, माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची,
इश्बेल

---

लीथ,
२ ऑक्टोबर १९९७

चि. इश्बेलला,
वॉटीचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून मला जरा राग आला होता, तो आता गेला. सरळ बाटल्या कोणाच्या हातच्या, ते मला काय करायचंय? बाकावर बाराजणी होत्या. मी बारा बायका केल्या नव्हत्या.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. लम्सडेनने इटलीतून एक ग्रे हेरॉन आणली. सुंदर बाटली. झाकण दाबून धरणारी स्प्रिंग अजून कडक, आतली पातळी मानेपर्यंत, आणि बगळा असा कलंडलेला की आजवर पाहिला नाही. मी तिथेच घेतली. नेटाने या दिवशी काय केलं असेल, कोणाचा विचार करत असेल, असं मनात येऊन मी त्याच्या दुकानात उभा राहून एकटाच हसत होतो.

मग लम्सडेनने सगळा आनंद घालवला. तो जमवणाऱ्यांच्या जातीचा, त्याला प्रत्येक बाटलीचं साल हवं. काचेच्या तळाशी काच कारखान्याचा आकडा उठवलेला असतो. जुनी बाटली उलटी करायची नसते, बुचातून गळते, म्हणून तो ती आरशावर उभी करून खालून वाचतो. मी माझ्या वाकड्या बाटल्यांचे तळ कधी पाहिले नाहीत. बायकोचं वय कोणी तपासून पाहतं का? पण ही त्याने माझ्यासमोर आरशावर ठेवली. आकडा बासष्टचा.

नेटाने एकोणसाठच्या वसंतात माझ्याशी लग्न केलं आणि कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे त्याच आठवड्यात तिचं नाव बाकावरून निघालं. बासष्टमध्ये ती घरी होती आणि फर्गस रांगत होता. घरी येऊन मी हजामतीचा आरसा काढला आणि बाकीच्या वाकड्या एकेक करून त्यावर ठेवल्या. काहींचे आकडे पुसट आहेत. जे वाचता आले त्यांत एकही एकोणसाठच्या आधीचा नाही.

तू त्रेसष्टपर्यंत तिथे होतीस. हे कसं झालं? तुला माहीत असेल तर सांग, आणि नसेल तर तसंही लिही.

लोभ आहे तो राहावा.
वॉटी

---

स्ट्रॉमनेस,
१२ ऑक्टोबर १९९७

ती. वॉटी भावजींना,
इश्बेलचा शि. सा. न. वि. वि. आकडा बरोबर आहे. बासष्टमध्ये नेटा बाकावर नव्हती. मी होते.

वाकडा बगळा माझा, भावजी. पहिल्यापासून माझाच. लहानपणापासून मला लांबचं लख्ख दिसायचं आणि जवळचं सगळं खळीत बुडल्यासारखं. चष्म्याचा विषय काढला असता तर प्रिंगलबाईंनी मला बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये धाडलं असतं. तिथल्या मुलींचे हात हिवाळ्यात फुटून रक्त यायचं. म्हणून नेटाने मला तिच्या डाव्या बाजूला बसवून घेतलं. ती डावखुरी, हे तुम्हाला सांगायला नको. मी लेबल चिकटवून बाटली पुढे सरकवली की खळ ओली असेपर्यंत तिचा डावा अंगठा त्यावरून फिरायचा आणि बगळा सरळ व्हायचा. स्वतःचं काम करता करता ती हे करायची, माझ्याकडे न पाहता.

कधी तिचं लक्ष नसलं की एखादी सुटायची. जिनोव्हाची तशीच सुटली. मला आधीच दोनदा ताकीद मिळाली होती. प्रिंगलबाईंनी विचारलं, आणि माझं तोंड उघडायच्या आत नेटा उभी राहिली. तिच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं, म्हणून तिला एकदा माफ झालं. मासाबिसा तिने जागच्या जागी रचला. त्या लेबलावर नुसता बगळा आहे. पण तिला उत्तर कधी कमी पडलं होतं?

मग तुम्ही नाचाला आलात. सरबताच्या टेबलाशी प्रिंगलबाई उभ्या होत्या, नेटाला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तुम्ही दारातून आत आलात ते मी पाहिलं होतं, लांबचं मला दिसायचं. जवळ आलात तसे धूसर होत गेलात, आणि तोवर तिने हो म्हटलं होतं. पुढे तिने तुम्हाला का सांगितलं नाही, मला माहीत नाही. मीच तिला सांगू नको म्हटलं होतं, एवढं माहीत आहे. तुमचं चांगलं चाललं होतं.

आता जे लिहायला जड जातं ते. तुमच्या घरात भिंतीवरचं चित्र केसभर तिरकं झालं तर नेटाला खपायचं नाही, आठवतं? तिच्या हातची बाटली असलीच तर ती सरळ बाटल्यांत आहे. पण कोणती, ते मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. सरळ लेबलाला कोणाच्या हाताची खूण नसते. आणि तुमच्या वाकड्या सगळ्या ती निघून गेल्यानंतरच्या असणार, कारण मग सावरायला कोणी उरलं नाही. शेवटी प्रिंगलबाईंच्या लक्षात आलं आणि मी इकडे काकांचं घर सांभाळायला आले. चष्मा काकांनीच करून दिला.

गाडी थांबवा. सरळ बाटल्या जाऊ देऊ नका. वाकड्या खुशाल विका.

न सांगण्याचा मोह झाला होता, हेही लिहिते. माझ्या हातचं काही कोणी जपून उशाशी ठेवतंय, असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. पण ती गाडी नेटाला घेऊन गेली असती आणि मी इथे गप्प बसून राहिले असते, ते मला सोसलं नसतं.

लोभाचं आज मागत नाही. तुम्ही ठरवा.
इश्बेल

---

स्ट्रॉमनेस,
९ नोव्हेंबर १९९७

ती. वॉटी भावजींना,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र नाही. बोट तीन दिवस आली नव्हती, म्हणून आधी तिला दोष दिला. आता ती रोज येतेय. पोस्टमन बर्स्टन मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो, माझं दारापर्यंत येणं वाचावं म्हणून.

गुडघे कसे आहेत एवढं कार्डावर लिहिलंत तरी पुरे. मी लोकरीचे पायमोजे विणायला घेतलेत. खोलीतली फरशी थंड असेल.

काही चुकलं असलं तरी माणूस आपलं म्हणावं.
इश्बेल

---

लीथ, खोली क्र. ४, तळमजला,
२८ नोव्हेंबर १९९७

प्रिय इश्बेल,
वॉटीचे आशीर्वाद. वि. वि. मी रागावलो होतो. तुझ्यावर, नेटावर, प्रिंगलबाईवर, जिनोव्हाच्या त्या व्यापाऱ्यावर. सत्तावीस वर्षं एका ताटात जेवलो आणि ही बया एक अक्षर बोलली नाही. भांडायचं तर आता कोणाशी? तिच्या फोटोशी भांडलो. फोटो सरळ टांगलेला होता, म्हणून आणखी राग आला.

मग मी सरळ बाटल्या काढल्या. इतकी वर्षं त्या मागच्या रांगेत धूळ खात होत्या. खिडकीपाशी नेऊन एकेक पाहिली. वाटलं, कुठेतरी अंगठ्याचा ठसा असेल, खळीचा ओघळ असेल, काहीतरी. सगळ्या लेबलांच्या कडांवरून बोट फिरवलं. काही नाही. केसभर फरक नाही. त्या दिवशी नेटा मला परत एकदा गेल्यासारखी वाटली, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त, कारण तेव्हा निदान बाटल्या शोधायच्या होत्या.

वीस तारखेला लम्सडेन गाडी घेऊन आला. त्याला चहा पाजला आणि रिकामा परत धाडला. माझं डोकं फिरलंय असं त्याने फर्गसला कळवलं असावं, कारण त्याच रात्री कॅल्गरीहून फोन आला. सरळ बाटल्या फळीवर मावल्या तेवढ्या ठेवल्यात, उरलेल्या पलंगाखाली उभ्या आहेत. दोरीवाली बाई केर काढायला वाकली आणि तेव्हापासून माझ्याशी हळू आवाजात, समजुतीने बोलते. बोलू दे. यांतली एखादी नेटाची असेल. नसली तरी तिच्या शेजारणीची असेल.

आता त्या शनिवारचं. मी वाकड्या बगळ्याची मुलगी शोधत आलो आणि मला नेटा मिळाली. त्याची मला खंत नाही, आणि ते तुला माझ्याकडून कळलेलं बरं. पण तू शेजारी उभी होतीस ते मला आठवतच नव्हतं, याची आता लाज वाटते. रोज आठवून पाहतो. तुझा फ्रॉक निळा होता का?

वाकड्या बाटल्या मी विकणार नाही. त्या तुझ्या आहेत, माझ्याकडे नुसत्या ठेवायला होत्या. मोरीच्या फडताळात उभ्या आहेत, न्यायला ये. इटलीची ती मात्र पेंढ्यात बांधून पोस्टाने धाडली आहे. आडवी ठेवू नकोस. वाईन नव्हे ती. आडवी ठेवली की दारू बूच खाऊन टाकते. उजेडात उभी कर, चष्मा लाव आणि लेबल बघ. अगदी खालपर्यंत बघ. तुझ्या पत्रात एक चूक आहे. कोणती, ते मी सांगणार नाही.

पायमोजे लवकर धाड, फरशी थंडच आहे. लोभ इकडे कमी झालेला नाही, तिकडेही होऊ नये.
वॉटी

---

स्ट्रॉमनेस,
१९ डिसेंबर १९९७

ती. वॉटी भावजींना,
इश्बेलचा शि. सा. न. वि. वि. बर्स्टन खोका दोन्ही हातांनी छातीशी धरून टेकडी चढून आला. आत काय आहे ते वासावरून कळलं म्हणाला, पण खोटं बोलत होता. बूच कोरडं होतं.

इथे आता दिवस म्हणजे दुपारी जेवणाच्या आधी थोडासा उजेड. तो यायची वाट पाहत बसले, मग स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटली उभी केली आणि चष्मा पुसून लावला. भावजी, ते लेबल मी वर्षानुवर्षं रोज चिकटवलं आणि आज पहिल्यांदा पाहिलं. माझ्यासाठी तो राखाडी डाग होता. वरची बाजू कोणती, ते मी बोटाने चाचपून ओळखायची, तिथला कागद जरा जाड असे. परदेशी जाणारी बाटली, इथल्या दुकानात कधी दिसली नाही, आणि चष्मा आल्यावर कोण मुद्दाम शोधायला जाणार. त्याचा डोळा पिवळा आहे, हे मला माहीत नव्हतं. पायाशी लव्हाळं आहे, तेही नव्हतं.

आणि खाली कोपऱ्यात पाण्यात नखाएवढा मासा आहे.

मी पट्टी लावून पाहिलं. बाटली कलती करून लेबल सरळ केलं, तर चोचीतून उभी खाली धरलेली पट्टी माशाच्या बाजूने निघून जाते. माझ्यासारखं तिरकं लागलं की बरोबर माशावर येते. नेटाने काही रचलं नव्हतं. ती प्रिंगलबाईंना जे दिसत होतं ते सांगत होती, आणि मला वाटत राहिलं की माझ्यासाठी खोटं बोलली. बाकी सगळं खोटं बोलली, मासा खरा होता.

मला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. मग कोणाला तरी दाखवावं म्हणून मागे वळले, आणि घरात कोणी नव्हतं. मिसेस लिस्कच्या खिडकीतही नाही. तेव्हा परत बसले आणि उजेड असेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

बाटली उभीच आहे, काळजी नको. पायमोजे याबरोबर पाठवलेत. मार्चमध्ये वारा पडला की बोटीने येईन, फडताळातल्या बाकीच्या बघायला. त्या न्यायच्या की नाही, ते तिथे आल्यावर ठरवू. दोरीवाल्या बाईला सांगून ठेवा की मला ऐकू येत नाही, तिने समोर उभं राहून बोलावं.

लोभ असू द्यावा, थोडा तिरका असला तरी चालेल.
तुमची,
चि. इश्बेल

ता. क. माझा फ्रॉक हिरवा होता. निळा नेटाचा.